मागच्या बाकावरची वही

कांबळे बाई,

प्रथम क्षमा मागतो. तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार असलेल्या माणसांची यादी केली तर तिच्या शेवटीही माझं नाव येणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे चार पानं मागितली. मी तीनदा नकार दिला. चौथ्यांदा नकार द्यायला जेवढी भीड मोडावी लागते तेवढी मला मोडता आली नाही. म्हणजे हे धाडसही भित्रेपणातूनच आलेलं आहे, याची नोंद सुरुवातीलाच करून ठेवतो.

तुमच्या शोकसभेपासून आरंभ करतो. तुम्ही तिथे नव्हता, आणि तिथे जे घडलं ते तुमच्या तासाला लावण्याजोगं होतं.

सभा शाळेच्या सभागृहात झाली. मागे फ्लेक्स होता. त्यावरचा तुमचा फोटो कुठल्याशा ओळखपत्रावरून वाढवलेला, त्यामुळे तुम्ही जराशा घाबरलेल्या दिसत होता. हयातीत जो भाव तुमच्या चेहऱ्यावर मी एकदाही पाहिला नाही, तो फ्लेक्सवाल्याने तुम्हाला मरणोत्तर बहाल केला. शेजारी आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो होता. तो तुमच्या फोटोहून मोठा होता आणि हसत होता. अध्यक्षांचा न हसणारा फोटो अस्तित्वातच नसावा, असा माझा अंदाज आहे.

अध्यक्ष बोलायला उठले. तुम्ही संस्थेचा श्वास होता, असं ते म्हणाले. संस्था सदैव तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली, असंही म्हणाले. आणि मग, आवाज किंचित ओला करून, त्यांनी सांगितलं की चिकोडीकडच्या शाखेला अनुभवी शिक्षकाची गरज होती तेव्हा बाईंनी स्वतःहून तिथली बदली मागून घेतली. असा त्याग आजकाल कोण करतो? टाळ्या वाजवायच्या की नाहीत, याबद्दल सभेत थोडा गोंधळ झाला. शेवटी मुख्याध्यापकांनी वाजवल्या.

मी खिशातून सभेची निमंत्रणपत्रिका काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. पहिल्यात 'म्हणणं काय', दुसऱ्यात 'कशावरून', तिसऱ्यात 'आणखी कोण म्हणतं'. तुम्ही नववीच्या मुलांना जूनच्या पहिल्या आठवड्यात शिकवायचा तेच. पहिला रकाना भरून खाली ओघळला. उरलेले दोन्ही शेवटपर्यंत कोरे राहिले.

त्यानंतर शोकप्रस्ताव वाचला गेला. तुम्ही किती आदर्श, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय होता हे सांगून झाल्यावर मुख्याध्यापकांनी धीरगंभीर आवाजात वाचलं, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना व नातवंडे असा परिवार आहे." बाई, तुम्ही लग्न केलं नव्हतं. तुमची धाकटी बहीण पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बाकी सगळं सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. शिक्षक, संचालक, गावातले प्रतिष्ठित. इतक्या माणसांतून एकालाही आपण काय ऐकलं हे कळलं नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं.

मला हसू आलं असतं. पण तो प्रस्ताव मूळचा माझा होता. पाच-सहा वर्षांपूर्वी आपले जुने लिपिक गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडून लिहून घेतला होता, आणि तेव्हापासून नाव बदलून तोच वापरला जातो. 'मनमिळाऊ' हे विशेषणही माझंच. ते लिपिक मनमिळाऊ होते का? कोण जाणे. मी विचारलं नव्हतं.

न विचारणं हाच माझा व्यवसाय होता. शाळेत येण्यापूर्वी वीस वर्षं मी बेळगावात कॅम्प भागातल्या एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासत होतो. एम.ए. झालेला माणूस, पण चार लोकांपुढे बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून बसण्याचं काम मला मानवलं. लग्नपत्रिका, अहवाल, वाढदिवसाच्या पुरवण्या माझ्या हाताखालून गेल्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं, वाक्य खरं आहे का हे पाहायचं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटली होती. उशिरा बी.एड. केलं आणि निपाणीला आपल्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. सोबतचे शिक्षक माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान होते आणि मला 'नवीन सर' म्हणत.

माझा पहिला तास तुम्हाला आठवत असेल. एका वैचारिक लेखावर मी पाऊण तास बोललो आणि शेवटी विचारलं, "समजलं का?" वर्ग एका सुरात "हो सर" म्हणाला. मी प्रसन्न होऊन बाहेर आलो, तर तुम्ही दारात उभ्या होता. तुम्ही म्हणालात, "मोरे सर, ते 'हो' कशावरून म्हणाले?" मी म्हटलं, त्यांना समजलं म्हणून. तुम्ही हसला नाहीत. "घंटा व्हायला आलीय म्हणून," एवढंच म्हणालात आणि पुढच्या वर्गात गेलात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. पोरं हसली. तुम्ही त्यांना म्हणालात, "हसू नका. नवीन विद्यार्थी आलाय, वयानं जरा मोठा आहे." त्या बाकावर मी तीन वर्षं बसलो, आणि तुम्ही बोलाल ते वहीत उतरवून घेत गेलो. छापखान्यातली सवय होती. मजकूर समोर आला की तो जसाच्या तसा उतरला पाहिजे.

पाठ्यपुस्तकाबाहेरचं तुम्ही काय काय आणायचा! औषधाच्या बाटलीबरोबरची माहितीपत्रकाची घडी, खाजगी शिकवणीची पत्रकं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पुरवणी. एका पत्रकावर 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' असं होतं. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, परीक्षेला बसलेली किती?" तुम्ही खडू खाली ठेवलात आणि त्याला म्हणालात, "आज तुझी सुट्टी. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडं आता काही न्हाय." तो बिचारा खरोखरच दप्तर आवरू लागला.

एकदा सीमावादात बस अडवल्याची बातमी तुम्ही दोन वर्तमानपत्रांतून आणली, एक मराठी आणि एक कन्नड. आपल्या मुलांना दोन्ही वाचता येतात, आणि त्याचा उपयोग दुकानाच्या पाट्या वाचण्यापलीकडे असू शकतो हे आपल्या संस्थेत फक्त तुम्हाला सुचलं. एकात हजारोंचा जनसागर होता, दुसऱ्यात मूठभर समाजकंटक. मुलं आपापल्या घरच्या बाजूने भांडायला लागली. मग एक मुलगी म्हणाली की तिची आई त्याच बसमध्ये होती. तुम्ही म्हणालात, विचारून ये. दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: आई म्हणते वीस-पंचवीस माणसं होती, आणि एक कुत्रं. तुम्ही विचारलंत, "आई कुठल्या बाजूच्या खिडकीत होती?" मुलीने डावा हात वर केला. "मग दुसऱ्या बाजूला किती होती ते तिला कसं दिसलं?"

मला तेव्हा तुमचा राग आला होता, आणि आपलं ते भांडण अखेरपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं असं की चौदा वर्षांच्या पोराला आधी उभं राहायला काहीतरी द्यावं, मग ते हलवून पाहायला सांगावं. तुम्ही सगळंच हलवता. तुमचं म्हणणं असं की न हलवता दिलेल्या गोष्टीवर पोर उभं राहत नाही, नुसतं टेकतं. तुमची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला आयुष्यभर लोकांनी काय काय सांगितलं आणि ते तिने विचारल्यावाचून कसं मानलं, हे तुम्ही मला बसस्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी एकदाच सांगितलंत, तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. बाई, मला तुमचं अजून पूर्ण पटलेलं नाही. पण मी चुकत असेन तर ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, हे मात्र फार बोचतं.

आता त्या तासाकडे येतो. त्यासाठीच हे लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळत आलो.

संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकांवर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात त्यांच्यावर, एक लेख होता. त्यात वाक्य होतं: 'भर उन्हात अण्णांनी स्वतःच्या डोक्यावरून विटा वाहून ही वास्तू उभी केली.' तुम्ही तो लेख नववी 'ब'ला दिलात. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही, की त्या स्मरणिकेची मुद्रितं कॅम्पातल्या छापखान्यात मीच तपासली होती. त्या वाक्यातला एक अनुस्वार मी काढला होता. वाक्य उत्तम आहे असंही तेव्हा वाटलं होतं.

रूपाली चौगुलेची आज्जी शाळेच्या बांधकामावर होती. रूपाली विचारून आली. आज्जी म्हणाली होती, "अण्णा व्हय? अण्णा खुर्चीत बसत्यात छत्रीखाली. इटा आमच्या डोस्क्यावर हुत्या." रूपालीने ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं, आणि तिसऱ्यात कुणी न सांगता लिहिलं: 'आज्जी एकटीच म्हणते. हेपण म्हणणंच झालं. अजून कोणतरी पाहिजे.' तुम्ही ते वाचलंत आणि चष्मा पुसायला खिडकीशी गेलात. बराच वेळ पुसत होता.

ती गोष्ट चार दिवसांत अध्यक्षांच्या घरी पोचली. अध्यक्ष हे अण्णांचे चिरंजीव; वडिलांकडून त्यांना शाळा मिळाली, तशाच न वाहिलेल्या विटाही मिळाल्या. शिक्षकखोलीत बैठक बसली. तुमच्यावर आरोप असा की तुम्ही भर वर्गात अण्णांना खोटारडे म्हणालात. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कशावरून?" अध्यक्ष म्हणाले, सगळं गाव म्हणतंय. तुम्ही म्हणालात, वर्गात गाव नव्हतं, मुलं होती, मुलांना विचारा. त्यावर मुख्याध्यापक घाईने म्हणाले की कोवळ्या मुलांना यात ओढणं शैक्षणिकदृष्ट्या योग्य नाही. ह्या मुख्याध्यापकांनी शिक्षणाचा विचार केल्याचा हा मला माहीत असलेला एकमेव प्रसंग.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"मोरे सर, तुम्ही मागच्या बाकावर होता. मी तसं म्हणाले का?"

तुम्ही, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक सोडून आम्ही अकरा जण होतो त्या खोलीत. दहा जण माझ्या उत्तराची वाट पाहत होते, ज्यांना मी मनातल्या मनात वर्षानुवर्षं तुच्छ लेखत आलो होतो: एक चहात बिस्किट बुडवून थांबलेला, एक मोबाईल उपडा ठेवून पुन्हा सुलटा करणारा, एक खिडकीबाहेरच्या झाडाचा अभ्यास करणारा. वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर होती.

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

तेव्हा मला कळलं की त्या दहांना तुच्छ लेखण्याची माझी पात्रता संपली. ते निदान काही बोलले नव्हते.

इतिवृत्तात 'आरोप सिद्ध' अशी नोंद झाली. पुढच्या महिन्यात तुमची बदली चिकोडीच्याही पलीकडच्या शाखेत झाली. निवृत्तीपर्यंत दोन वर्षं तुम्ही निपाणीहून चिकोडीची बस धरत होता आणि तिथून दुसरी. सकाळी स्टँडवर मी दिसलो की तुम्ही आधीसारख्याच बोलायचा, पाचवीच्या पोरांना काय वाचायला दिलंय ते सांगायचा. त्या प्रसंगाविषयी एक शब्द नाही. मला वाटायचं, तुम्ही मला क्षमा केली. कशावरून वाटायचं? सोयीचं होतं म्हणून.

तुम्ही गेलात त्याच्या आठवडाभर आधी मी तुमच्या घरी आलो होतो. बहिणीने पोहे केले होते. निघताना तुम्ही सहज विचारलंत, "सर, ती वही आहे का हो अजून?"

मी म्हणालो, असेल कुठेतरी.

तुम्ही म्हणालात, "'आठवत नाही' म्हटलं की त्याला कुणी पुरावा मागत नाही, बघा. मी इतकी वर्षं शिकवलं, पण ह्या एका वाक्याचं काय करायचं ते मला पोरांना सांगता आलं न्हाय." मग चप्पल घालणाऱ्या माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुम्ही लई गरीब माणूस आहात. सावकाश जावा." त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शोकसभेनंतर रूपाली भेटली. बेळगावला कॉलेजात आहे, आज्जी गेल्या वर्षी गेली. 'स्वतःहून बदली मागितली' हे ऐकून ती सभेतून उठून बाहेर आली होती. म्हणाली, "सर, ते 'सिद्ध' अजून तसंच लिहिलेलं हाय व्हय?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मला तर कुणी विचारलंच न्हाय. तुमाला विचारलंतं म्हणं." मी पिशवीचा बंद सरळ केला. ती "येतो सर" म्हणून गेली. एवढ्या लहान वयात इतका स्वच्छ तिरस्कार करता येतो हे मला माहीत नव्हतं. तोही तुमच्याच तासाला शिकली असेल.

बाई, वही कुठेतरी नव्हती. ती तेव्हाही माझ्या पिशवीत होती आणि आत्ता माझ्यासमोर आहे. त्या तासाचं पान जसंच्या तसं उतरवतो. एवढं एकच काम मला नीट येतं.

'बाई: मग आता आपण काय लिहायचं? अण्णांनी विटा वाहिल्या नाहीत?
वर्ग: हो.
बाई: न्हाय. रूपालीच्या आज्जीनं पाहिलं न्हाय, एवढंच लिहायचं. आज्जी रोज होती का? दिवसभर होती का?
एक मुलगा: बाई, म्हणजे अण्णा खोटारडे.
बाई: असं कुणी लिहायचं नाही. अण्णा कुठं काय बोललेत? हे लिहिणारा दुसराच आहे. आणि त्यानं का लिहिलं तेही आपल्याला ठाऊक नाही. ज्याला जेवढं दिसलं तेवढंच त्याच्या नावावर.'

'खोटारडे' हा शब्द त्या वर्गात उच्चारला गेला होता. तो एका मुलाने उच्चारला होता आणि तुम्ही तो पुसला होता. बैठकीत त्या मुलाचं नावसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत. माझ्या वहीतही ते नाही; मी 'एक मुलगा' असंच लिहिलं आहे, आणि खरोखरच मला ते आठवत नाही. ह्या वेळी खरोखरच. पण माझ्या तोंडी ह्या वाक्याला आता काय किंमत आहे हे मी जाणतो.

ही पुस्तिका छापून झाल्यावर वही मी तुमच्या बहिणीकडे ठेवणार आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी. अध्यक्ष माझं काय करतील ते करोत. चिकोडीपलीकडे जाणाऱ्या बसची वेळ मला पाठ आहे.

तरीही, बाई, हा सगळा माझ्या एकट्याचा दुसरा रकाना झाला. अक्षर माझं, वही माझी, आणि मी कसा माणूस आहे ते वर लिहिलेलंच आहे. तिसरा रकाना मला भरता येत नाही. तो ज्यांना भरता येईल ती मुलं आता मोठी झाली आहेत. कुणी पुण्यात आहे, कुणी बेळगावात, कुणी इथेच दुकानात बसतं. ही पुस्तिका त्यांच्या हातात पडणार आहे. म्हणून तुमची रजा घेऊन शेवटचे शब्द त्यांच्याशी बोलतो.

नववी 'ब'च्या मुलांनो, त्या तासाला तुम्ही वर्गात होता आणि तुम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. बाई तसं म्हणाल्या होत्या का?